आमसुलांची जागा सोडून मग सौर पॅनेल

दापोली तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी आहे, म्हणून त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देतो:

"मी निवृत्त शिक्षिका. आमचे हे आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, अशी तीन माणसं गावच्या घरात असतो. पुढचं घर चिऱ्याचं, कौलारू. मागच्या बाजूला दोन खोल्या आम्ही वीस वर्षांपूर्वी बांधल्या, त्यावर स्लॅब आहे, बावीस बाय सोळाचा. वीजबिल सरासरी दोन हजारांच्या घरात, वापर महिन्याला १९० युनिट. एका सोलरवाल्याने ५ किलोवॅटचं कोटेशन दिलंय, ३ लाख २० हजारांचं. तो म्हणतो, बिल शून्य होईल आणि लाईट गेली तरी तुमच्याकडे उजेड राहील, इन्व्हर्टर-बॅटरी मोडीत काढा. निसर्ग वादळात आम्ही कितीतरी दिवस अंधारात काढले, त्यामुळे ह्यांना ते पटलंय. पण मुंबईचे भावोजी म्हणतात, छप्पर सगळ्यांचं आहे, उद्या मला वर खोली काढायची झाली तर? मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आणि सासूबाई म्हणतात, स्लॅबवर काचा लावलात तर माझी आमसुलं कुठे वाळवू? मी मधल्या मध्ये. घ्यावं की न घ्यावं?"

ताई, घ्यावं. पण ५ किलोवॅट नाही, आणि भावोजींशी बोलल्याशिवाय नाही. तुमच्या पत्रात चार माणसं चार गोष्टी म्हणतायत. त्यांतल्या दोघांचं म्हणणं तुम्हाला कटकटीचं वाटतंय, भावोजींचं आणि सासूबाईंचं. मला विचाराल तर नेमकं त्या दोघांचंच म्हणणं कामाचं आहे. चुकतोय तो सोलरवाला.

आधी त्याचंच बघू. "लाईट गेली तरी उजेड राहील" हे तो ज्या यंत्रणेबद्दल बोलतोय तिच्या बाबतीत साफ खोटं आहे. कोटेशनवर 'ऑन-ग्रिड' असं लिहिलेलं असेल, बघा. ही यंत्रणा महावितरणच्या लाईनला जोडलेली असते आणि लाईन बंद पडली की ती स्वतःहून बंद होते. टळटळीत ऊन असलं तरी बंद. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर चढलेल्या वायरमनला वाटतं लाईन मेली आहे, आणि तुमच्या छपरावरून तिच्यात वीज येत राहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून वादळानंतर पोल पडलेले असताना तुमचे पॅनेल उन्हात चकाकत राहतील आणि घरात मात्र अंधारच असेल. तुमच्या यजमानांना हे सांगा आणि जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहे तशी राहू द्या. सासूबाईंचा रात्रीचा पंखा त्यावरच चालणार आहे.

बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो, तो लाईट गेल्यावरही चालतो. पण बॅटरीच्या खर्चाला अनुदान नाही आणि लिथियमची बॅटरी घेतली तर एकूण खर्च बराच फुगतो. तुमची गरज दोन पंखे, चार दिवे आणि मोबाईल एवढीच असेल, तर घरातली बॅटरी वेळच्या वेळी पाणी घालून नीट ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. भर पावसाळ्यात आठ दिवस लाईट गेली तर हायब्रिडसुद्धा ढगाळ आभाळाखाली फार काही भरणार नाही. निसर्ग आलं ते ३ जूनला, हे विसरू नका. ज्या दिवसांत आपल्याकडे लाईट जाते, तेच दिवस उन्हाच्या दुष्काळाचे असतात.

आता आकडे. कोकणात १ किलोवॅटला वर्षाकाठी साधारण साडेबाराशे युनिट धरावेत. देशावरच्यापेक्षा थोडे कमी, कारण आपला पावसाळा. तुमचा वापर १९० गुणिले बारा, म्हणजे २,२८० युनिट. २ किलोवॅटमध्ये अडीच हजार युनिट होतात. संपला हिशेब. ५ किलोवॅट बसवले तर सहा हजारांवर युनिट तयार होतील आणि निम्म्याहून जास्त तुम्हाला लागणारच नाहीत.

"जास्तीचे महावितरणला विकू" असं तो म्हणाला असेल. नेट मीटरिंगचं गणित असं असतं: तुम्ही दिवसा लाईनमध्ये सोडलेले युनिट तुमच्या खात्यावर जमा होतात आणि पुढे वापरातून वळते होतात. हे खातं आर्थिक वर्षाचं. ३१ मार्चला जे शिल्लक राहील त्याचे पैसे मिळतात, पण ज्या दराने आपण वीज घेतो त्याच्या मानाने फारच कमी दराने. म्हणजे स्वतःच्या घरात वाचलेला युनिट आपल्याला साताठ-दहा रुपयांना पडतो आणि विकलेला तीनेक रुपयांना जातो. वीज विकायला पॅनेल लावणं हे दूध विकायचा धंदा करायचा म्हणून घरच्या चहापुरत्या गोठ्यात पाच म्हशी बांधण्यासारखं आहे.

कोकणवाल्यांसाठी या खात्याची एक गोष्ट मात्र फार सोयीची. वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि एप्रिल-मे हे आपले कडक उन्हाचे महिने. त्या दोन महिन्यांत जमा झालेले युनिट जून ते सप्टेंबरमध्ये खर्ची पडतात. माझ्या घरी ३ किलोवॅट आहे. मे महिन्यात ३६० युनिट पडले आणि त्याच वर्षी जुलैत दीडशेसुद्धा धड नाहीत. पहिल्या जुलैत मी घाबरून इन्स्टॉलरला फोनावर फोन केले होते. त्याने शांतपणे विचारलं, "काका, सूर्य दिसतोय का?"

पैशाचं बघा. ५ किलोवॅटचे ३ लाख २० हजार, त्यातून केंद्राचं अनुदान वजा जाता २ लाख ४२ हजार. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि तिथे थांबलं. ७८ हजारांच्या पुढे एक पैसा नाही, मग तुम्ही ५ लावा की १०. तुमच्या सोलरवाल्याने हे सांगितलं का? २ किलोवॅट साधारण १ लाख ४० हजारात बसावं, अनुदान ६० हजार, हातचे ८० हजार. बिलात वर्षाला २२ हजार वाचले तर चार वर्षांच्या आत पैसे वसूल. ५ किलोवॅटचे वसूल व्हायला सात वर्षं लागतील, तेही जास्तीच्या युनिटांना तीन रुपये धरून.

बिल मात्र शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. दोन हजारांचं बिल दीड-दोनशेवर आलं तर ते चांगलंच आहे, पण 'शून्य' ऐकून बसलेल्या माणसाला तेवढ्यानेही फसल्यासारखं वाटतं.

एक अपवाद ठेवा. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईची मंडळी येतात, आणि पुढच्या दोनेक वर्षांत त्यांच्यासाठी एसी बसवायचा तुमचा खरोखरच विचार असेल, किंवा गॅस सोडून इंडक्शनवर यायचं मनात असेल, तर ३ किलोवॅट घ्या. त्याच्यापुढे जाऊ नका. आणि पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय तो भावोजींनी पाठवलेला "नव्वद टक्के अनुदान" वाला मेसेज घरच्या छपराचा नाही, शेतातल्या सौर पंपाचा आहे. ती योजना वेगळी, तिच्यात शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे असतात. दोन्ही योजनांचे मेसेज एकात एक मिसळून सगळीकडे फिरतायत.

आता भावोजी. ते आडवे येतायत असं तुमच्या पत्राचा सूर सांगतो. पण ताई, पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. पंचवीस वर्षं एखाद्या सामाईक छपरावर काहीतरी बसवायचं आणि दुसऱ्या वारसाला विचारायचं नाही, हे बरोबर आहे का? त्यांच्या जागी तुमचे यजमान मुंबईत असते आणि भावोजींनी गावी परस्पर काही केलं असतं, तर या घरात काय झालं असतं?

शिवाय त्यांची सही तुम्हाला लागणारच आहे. मीटर सासऱ्यांच्या नावावर राहून चालणार नाही. अर्ज बिलावरच्या नावाने होतो, अनुदान बँक खात्यात येतं, आणि ती दोन्ही नावं जुळावी लागतात. सासऱ्यांच्या नावाने अर्ज करून "पुढे बघू" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि इतर वारसांची लेखी संमती घेऊन आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात नाव बदलून घ्या. वारसांत सासूबाई येतात, भावोजी येतात, आणि नणंदा असतील तर त्याही येतात. पत्रात तुम्ही नणंदांचं नावच काढलेलं नाही. नसतील तर बरं, असतील तर फोन करा.

भावोजींना एक गोष्ट स्पष्ट सांगा, त्याने त्यांचं अर्धं काहूर उतरेल: वीजबिलावर नाव लागलं म्हणून घराची मालकी होत नाही. बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. मग एका मुद्रांकावर चार ओळी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पॅनेलचे पैसे कोणी दिले आणि ते कोणाच्या मालकीचे. उद्या वाटण्या झाल्या तर ज्याने पैसे भरले तो ते उतरवून नेऊ शकेल. आणि भावोजींनी वर खोली काढायची ठरवली तर सांगाडा नव्या स्लॅबवर हलवायचा खर्च कोण करेल. हा शेवटचा मुद्दा आधी लिहा, कारण त्यांच्या मनात तोच आहे. माझा अनुभव असा की ज्याला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं, तो वर खोली काढायचं बहुतेक वेळा विसरून जातो. पण विसरतील असं धरून चालू नका, लिहून घ्या.

कौलांवर पॅनेल बसवायचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. वासे जुने, एकेक पॅनेल पंचवीस-सव्वीस किलोच्या वरचं, आणि दुरुस्तीला माणूस वर चढला की चार कौलं फुटलीच. बाकीची माकडं फोडतात. स्लॅबच बरा.

स्लॅबवर मात्र सावली बघा, आणि आत्ताच बघा. डिसेंबरचा हा महिना त्यासाठी उत्तम. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कलंडलेला असतो, भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, त्यामुळे सावल्या सर्वांत लांब पडतात. दहा फूट उंचीच्या टाकीची सावली बारा वाजता नऊएक फूट लांब जाते, सकाळी-संध्याकाळी त्याहून कितीतरी जास्त. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन, अशा तीन वेळांना वर जा आणि पाण्याच्या टाकीची, कठड्याची, दक्षिणेच्या माडाची सावली खडूने आखा. जिथे तिन्ही वेळा ऊन असेल ती जागा पॅनेलची. मे-जूनमध्ये बघाल तर फसाल. आपल्या दापोलीच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि दक्षिणेचा माड तेव्हा अगदी निरुपद्रवी दिसतो.

थोड्याशा सावलीने काय बिघडतं, असं वाटेल. पॅनेल एकामागोमाग एक माळेसारखे जोडलेले असतात. त्यांतल्या एकावर झावळीची सावली पडली तर फक्त तेवढ्याचंच नुकसान होत नाही, माळेतल्या बाकीच्यांनाही त्याचा फटका बसतो. आणि माड फक्त सावली पाडत नाही, नारळही पाडतो. तो माड स्लॅबवर झुकलेला असेल तर नारळ-झावळ्या वेळच्या वेळी उतरवून घेणारा पाडेली तुमच्या हाताशी आहे ना, ते बघा. माड तोडा असं मी सांगणार नाही. पंचवीस वर्षांच्या पॅनेलसाठी साठ वर्षं फळणारा माड तोडायचा, हा हिशेब मला जमत नाही.

आता सांगाडा, ज्याच्याबद्दल कोटेशनमध्ये एक ओळ असते आणि जो कोकणात सगळ्यांत महत्त्वाचा. सोलरवाले हल्ली आठ-दहा फूट उंच सांगाडे उभारतात, खाली बसायला-उठायला सावली मिळते म्हणून. पुण्या-नाशकात ठीक. समुद्रापासून काही मैलांवर, निसर्ग आणि तौक्ते पाहिलेल्या गावात, उंच सांगाड्यावरचा पॅनेल म्हणजे उभं शीड आहे. सांगाडा बुटका ठेवा, पुढून गुडघ्याएवढा उंच, म्हणजे खालून झाडता येईल इतका. कल दक्षिणेकडे, पंधरा-वीस अंश. लोखंड हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हवं, नुसता चंदेरी रंग मारलेलं नको. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या वाऱ्यात साधा बोल्ट तीन पावसाळ्यांत गंजून जाम होतो. पॅनेल घेताना खाऱ्या हवेची चाचणी झालेली आहे का ते विचारा, त्या चाचणीचा क्रमांक आयईसी ६१७०१. विक्रेता हा क्रमांक ऐकून गोंधळला तर त्याने किनारपट्टीवर फारशी कामं केलेली नाहीत असं समजा.

स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, असं मी म्हणेन. हे माझ्या स्वतःच्या पैशांनी शिकलेलं आहे. माझ्याकडच्या माणसांनी दुपारच्या दोन तासांत स्लॅबमध्ये सोळा भोकं पाडली, बोल्ट ठोकले, वर सिमेंटचा गोळा थापला आणि गेले. पुढच्या आषाढात देवघराच्या भिंतीवर ओल उतरली. वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्यायला मला जो खर्च आला त्यात वर्षभराची वीज आली असती. स्लॅबवर सिमेंट-काँक्रीटचे ठोकळे ओतून, ते स्लॅबला नीट बांधून घेऊन त्यांत पाय रोवता येतात. पण वाऱ्याचा जोर धरून ठोकळ्यांचं वजन किती हवं ते एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवून ठरवा. तुमचा स्लॅब वीस वर्षांचा आहे. आत्ता कुठे गळत असेल तर ते काम पॅनेलच्या आधी, नंतर नाही.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो. तीन वेगळे खड्डे हवेत, पॅनेलच्या बाजूचं, घरच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचं. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडून देणारे महाभाग आहेत. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून काम झाल्यावर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा हे आठवेल.

व्यवहाराचं थोडक्यात. विक्रेता योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतला हवा. अर्ज स्वतः भरा किंवा समोर बसून भरून घ्या, ओटीपी फोनवर कुणाला सांगू नका. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, तेही यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर. त्यामुळे "अनुदान आम्ही परस्पर वजा केलंय" असं म्हणणाऱ्याला कागदावर तसं लिहून मागा. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच (सेल म्हणजे पॅनेलमधले वीज तयार करणारे तुकडे) लागतात, म्हणून प्रत्येक पॅनेलच्या मागचा अनुक्रमांक फोटो काढून ठेवा, वर चढवायच्या आधी. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. पॅनेल दोन दिवसांत बसतात, मीटरला वेळ लागतो, आणि पूर्ण पैसे घेतलेल्या माणसाला महावितरणच्या कार्यालयाची वाट सापडत नाही. हाताशी रक्कम नसेल तर सरकारी बँका या योजनेखाली तारण न घेता कमी व्याजाने कर्ज देतात. पण निवृत्त शिक्षिकेला ८० हजारांसाठी कर्ज काढावंसं वाटेल का, ते तुम्हीच ठरवा.

देखभाल फार नाही. उन्हाळ्यात तांबडी धूळ बसते, पंधरा दिवसांतून एकदा सकाळी उजाडता साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. पावसाळ्यात धुवायला नकोत, पण खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते श्रावणानंतर काढून टाका. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही. दहा-बारा वर्षांनी तो बदलावा लागेल असं धरून थोडे पैसे बाजूला टाकत चला.

आता सासूबाई. पत्रात त्यांचं वाक्य तुम्ही शेवटी, जरा हसून लिहिलंय. पण तुमच्या स्लॅबचा हिशेब मी मांडला तेव्हा त्यांचंच म्हणणं सगळ्यांत अचूक निघालं. ५ किलोवॅटला नऊ-दहा पॅनेल लागतात. मधल्या वाटा, टाकी आणि सावलीची जागा धरली तर साडेतीनशे चौरस फुटांत वाळवणाला टीचभरही जागा उरत नाही. २ किलोवॅटला चार पॅनेल पुरतात, फार तर दोनशे चौरस फूट. बाकी उरतं. एप्रिल-मेमध्ये आमसुलं, आंबोशी आणि फणसाची साठं वाळतील एवढं.

तेव्हा खडू घेऊन वर जाल तेव्हा त्यांना खाली खुर्ची देऊन विचारा, कुठल्या बाजूला सूप-परड्या मांडतात, संध्याकाळी वाळवण उचलायला कुठून ये-जा करतात. ती जागा आधी आखा. मग उरलेल्या जागेत सोलरवाल्याला टेप लावू द्या.